खिडकीजवळची रांग

१२ ऑगस्ट

ज्याला आईशी बोलायचं नाही त्याला,

नाही ना बोलायचं? नको बोलूस. पत्र वाचायला तोंड उघडावं लागत नाही. इथे फोनचे खांब आडवे झालेत, तुझ्या बायकोचा मोबाइल पाण्यात गेला आणि तुझं जहाज कुठल्या समुद्रात तरंगतंय ते तुझ्या कंपनीलाच ठाऊक. तेव्हा आवडो न आवडो, तुला माझंच अक्षर वाचावं लागणार. मदतीचं सामान घेऊन येणारा ट्रकवाला टपाल नेतो म्हणालाय. भला माणूस आहे, नाहीतर हल्ली कोण कुणाचं ओझं उचलतं.

आधी चांगलं सांगते. तुला मुलगी झाली. बायको ठीक आहे, अशक्त आहे, पण जेवते. मुलगी एवढीशी आहे, काळीभोर, तुझ्यासारखी. हाताची मूठ तर माझ्या अंगठ्याएवढी. मी तिला मुंगी म्हणते. खरं नाव तू आल्यावर ठेव. येशील तेव्हा येशील.

आता बाकीचं. नदी घरात शिरली. तू लावलेलं दार गेलं, तुझ्या बाबांची खुर्ची गेली, कपाट मात्र जागचं हललं नाही. आतले कपडे सगळे चिखल. आपल्या वस्तीत एकही घर कोरडं नाही. वरच्या कॉलनीत पाणी निम्म्या उतारापर्यंतच चढलं, तरी त्या गोऱ्या लोकांच्याही दोन गल्ल्या बुडाल्या. पहिल्यांदाच आम्ही आणि ते शाळेत एका छताखाली झोपतोय. मला गंमत वाटते. एरवी त्यांच्या चादरी धुतल्या, त्यांचं घोरणं आता ऐकतेय.

हॉस्पिटलचा तळमजला पूर्ण गेला. माझी धुलाईची खोली, दोन्ही मोठी मशीन, इस्त्रीचा रोलर, पलीकडची रक्त तपासायची लॅब, सगळं. बाळंतिणींना उचलून शाळेच्या वरच्या मजल्यावर आणलं. तुझी मुलगी पाढ्यांच्या तक्त्याखाली जन्मली, आता गणितात तरी बापासारखी ढ निघू नये. मी दिवसभर शाळेच्या मैदानात पिंपात चादरी बुडवते, हातांनी पिळते आणि मधेमधे वर जाऊन दोघींना बघून येते.

डॉक्टर एकच उरलाय आणि तो खाली मोडक्यातोडक्या माणसांत अडकलाय. वर सगळा कारभार चष्मेवाल्या सिस्टरचा. माझी जुनी ओळख आहे, माणूस चांगला आहे, फक्त झोप नाही बिचारीला. जन्मलेल्या बाळांना थोडी कावीळ होतेच म्हणे, पण ती चढली की डोक्यात जाते, म्हणून रोज बघावं लागतं. एरवी टाचेतून रक्त काढून तपासतात. आता लॅब नाही, तेव्हा डोळ्यांनीच. सकाळी ऊन आलं की सगळ्या बायका बाळं घेऊन खिडकीजवळ रांगेत उभ्या राहतात. सिस्टर बाळाचं नाक अंगठ्याने दाबते, मग छाती, मग पोट. अंगठा उचलला की तेवढी जागा क्षणभर फिकी पडते. तिथे पिवळं दिसलं की बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायचं. दिवे दोनच आहेत, जनरेटरवर चालतात, आणि जनरेटर माझ्यासारखाच, खोकत खोकत चालतो.

आपल्या बायकांवर सिस्टरची मर्जी आहे. आपली बाळं ती झटपट बघते आणि ‘छान आहे, जा’ म्हणते. कॉलनीतल्या बायका ताटकळत राहतात. आमच्या बायका चहा पिऊन होतात तरी त्यांची रांग संपत नाही. कधी नव्हे ते आपल्याला आधी सोडतायत, मजा आहे.

आमच्या शेजारच्या बाकावर बेकरीवाल्याची सून आहे. गोरीपान पोरगी, पहिलंच बाळंतपण. तिचं बाळ इतकं पिवळं पडलं की बघवेना. त्याला दिव्याखाली नेलं तेव्हा ती ढसाढसा रडली. तुझ्या बायकोने तिला आपल्या वाटणीचं दूध दिलं, पाठीवरून हात फिरवला. मीही म्हटलं, देवा, त्या लेकराला बरं कर. आपली मुंगी बघ, कशी दणकट. रडत नाही, कटकट करत नाही, दोन घोट दूध घेते की झोपते. तुझी बायको म्हणाली, ‘आई, ही फारच झोपते हो.’ मी म्हटलं, ‘बाई गं, हिचा बाप रात्र रात्र कसा बोंबलायचा ते मला विचार. झोपतेय तर झोपू दे.’ सिस्टरही म्हणाली, शहाणं बाळ आहे.

बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस आणि मी चारचौघांत जे बोलले, ते मी मागे घेत नाही. पण मुलगी तुझी आहे म्हणून कळवलं.

— आई (अजून आहे)


१७ ऑगस्ट

बाबा रे,

घाईत लिहितेय. कागद नव्हता, बिस्किटाचा पुडा फाडून त्याच्या आतल्या बाजूला लिहिलंय, हसू नकोस.

मुंगीला जरा कावीळ झाली. होडीने, मग सैनिकांच्या ट्रकने मोठ्या हॉस्पिटलात आणलं. इथे वीज आहे, पाणी आहे, भिंतींना रंगसुद्धा आहे. तिचं रक्त बदललं. म्हणजे तिचं थोडं काढायचं, दुसऱ्याचं थोडं घालायचं, असं सगळं. आता दिव्याखाली आहे, डोळ्यांवर पट्टी बांधलीय, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी दिसते. काळजीचं काही नाही.

तुझी बायको बरी आहे. बोलत नाही फारसं. तिला दूध येतंय, बाकी काही नाही.

काळजीचं काही नाही असं वर लिहिलंय, ते पुन्हा वाच आणि आपलं काम कर.

— आई


३ सप्टेंबर

‘कुणीतरी’ म्हणणाऱ्यास,

कंपनीच्या ऑफिसातून तुझा निरोप आला. ‘मूल कसं आहे ते कुणीतरी सरळ सांगा.’ कुणीतरी! माझं नाव घेतलं असतंस तर जीभ झडली असती का? तुझ्या बायकोने तो कागद वाचला आणि माझ्या मांडीवर ठेवून तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे कुणीतरी मीच.

सरळ सांगते तर.

मुंगीला इथे आणलं त्या दिवशी सकाळीही आम्ही शाळेत रांगेत होतो. सिस्टरने मुंगीचं नाक दाबलं, छाती दाबली, ‘छान आहे, जा’ म्हणाली. मी स्वतः तिच्या पलीकडे उभी होते. मीही वाकून बघितलं होतं. मलाही काही दिसलं नाही. दुपारी तिने दूध ओढणंच सोडलं. जीभ लावायची आणि तोंड फिरवायची. मग रडली. अरे, इतके दिवस आम्ही म्हणत होतो रडत नाही, आणि रडली तर असं, की मी मैदानात पिळत असलेली चादर टाकून जिन्याकडे पळाले. बाळाचं रडणं नव्हतं ते. बारीक, किंकाळीसारखं, एका सुरात. वर गेले तर पोर तुझ्या बायकोच्या हातात मागे वाकलेली. मान मागे, पाठ कमानीसारखी, हात ताठ. तुझी बायको ओरडत होती, ‘हिला सरळ करा, कुणीतरी हिला सरळ करा.’

सिस्टर धावत आली. तिने मुंगीची पापणी वर केली. डोळ्यातलं पांढरं होतं कुठे? पिवळंधमक. मग ओठ उलटून हिरडी दाबली. तीही पिवळी. सिस्टर तिथेच जमिनीवर बसली. उठून तिने बेकरीवाल्याच्या नातवाला दिव्याखालून काढलं आणि मुंगीला ठेवलं. त्या बाळाची कावीळ तोवर बरीच उतरली होती, ते गुलाबी दिसायला लागलं होतं. त्याची आई आपणहून बाजूला झाली.

होडी यायला वेळ लागला. किती ते विचारू नकोस.

इथला, मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर पोरगेलासा आहे, तुझ्याहून लहानच. त्याने टाचेतून रक्त काढलं, आकडा बघितला आणि म्हणाला, ‘इतके दिवस कुणीच बघितलं नाही?’

मी म्हटलं, ‘रोज बघितलं.’

‘कसं?’

‘खिडकीजवळ. अंगठ्याने दाबून.’

तो मान खाली घालून म्हणाला, ‘आजी, काळ्या कातडीवर असं कळत नाही. डोळे बघायचे, हिरड्या बघायच्या, आणि शंका आली तर रक्तच तपासायचं. पुस्तकात आहे हे.’

‘कुठल्या पुस्तकात?’

‘सगळ्याच.’

सगळ्याच पुस्तकांत! ऐकतोस ना? कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. देवाची करणी नाही, नदीचीही नाही. छापलेलं आहे. सगळ्यांनी परीक्षेला वाचलेलं आहे. आणि आम्ही खिडकीत उभं राहून खूश होतो, की आपल्याला लवकर सोडतात. ती लवकर सोडत होती, कारण तिला काहीच दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या गोष्टीला किती वेळ बघणार?

मी मधे एकदा शाळेत परत गेले, उरलेलं सामान आणायला. खरं म्हणजे त्या सिस्टरला धरायला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते घोकलं होतं. ती मैदानातल्या नळावर हात धूत होती. मी म्हटलं, ‘तुला डोळे आहेत की बटणं?’

ती म्हणाली, ‘मावशी, मला असंच शिकवलंय. शिकवताना जी बाळं दाखवली ती सगळी गोरी होती. त्यांच्यावर लगेच दिसतं. तुमच्या बाळांवर खरंच काही दिसलं नाही मला.’

‘मग दिसत नाही, असं म्हणायचंस. छान आहे, असं कशाला म्हणालीस?’

ती रडायला लागली. मी तिला गप्पही केलं नाही. रड म्हटलं, खुशाल रड, आणि गाठोडं उचलून निघाले. बाईने चार दिवस पाठ टेकली नव्हती हे मला माहीत आहे. तरी मला तिची दया आली नाही. अजून येत नाही.

त्या दिव्यांखालची दुपटी मीच धुवायची. बाळ कुणाचं ते दुपट्यावरून कळतं, बायका खुणेला दोरा शिवतात. एकही दुपटं आपल्या वस्तीतलं नव्हतं. त्या वेळी मला वाटलं, आपली बाळं दणकट. वाकून चादरी पिळताना मी हे आमच्या बायकांना मोठ्या तोंडाने सांगितलंही. पांढऱ्या चादरीवरचा डाग लांबून दिसतो आणि काळ्या कांबळ्यावरचा मात्र हाताला ओल लागली तरच कळतो, हे मला, जन्मभर धुणं धुणारीला, सुचलं नाही.

पंक्चरवाल्याचा मुलगा आठवतो? त्याचं बाळ आम्ही होडीने निघालो त्याच्या आदल्या दिवशी गेलं. तेही शहाणंच होतं. झोपेत गेलं. पुरात दगावलं असं लिहिलंय त्याच्या नावापुढे. त्या लेकराला पुराचा थेंबही लागला नव्हता, वरच्या मजल्यावर होतं.

आणि आणखी एक. रक्त तपासायचं हातात मावेल असं एक यंत्र हेलिकॉप्टरने आलं होतं. ते कॉलनीच्या क्लबातल्या शिबिरात ठेवलं होतं, कारण तिथे रस्ता कोरडा होता आणि तिथल्यांनी आधी मागितलं. मागायला हवं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आता मुंगी दूध पिते. रंग उतरलाय असं म्हणतात. वाकत नाही आता फार. डॉक्टर आणखीही बरंच बोलला, पण डॉक्टरांना बोलायची सवयच असते. तू तिकडे समुद्रात एकटा आहेस, उगाच डोकं फिरवून घेऊ नकोस. आत्ता येता येणार नाही हे मला कळतं, करार संपेपर्यंत तुला ते उतरू देणार नाहीत. सरळ सांग म्हणालास, सरळ सांगितलं.

— कुणीतरी


२२ ऑक्टोबर

अरे बेसुऱ्या,

काय गातोस रे तू! फोन सुरू झाल्यापासून आम्हाला शांतता नाही. तुझी बायको फोन मुंगीच्या कानाला लावते आणि मी शेगडीपाशी असते, तरी मला सगळं ऐकू येतं, एवढ्या मोठ्याने बोलतोस. फोन कशाला पाहिजे, नुसता ओरडलास तरी इथपर्यंत येईल. भोंगा कसा वाजतो ते काल दाखवलंस ना, ते छान होतं. इंजिनाचा आवाज मात्र म्हशीसारखा काढलास.

हो, हसते ती. तू बोलायला लागलास की हसते. तुझी बायको सांगते ते खरं आहे.

आम्ही घरी आलो. भिंती अजून ओल्या आहेत, खाली हात लावला की पोपडे हातात येतात. मी पुन्हा कामावर जाते. नवी मशीन आली, पण ती कशी चालवायची ते सांगणारा आला नाही, तेव्हा आम्ही पिंपंच वापरतो. मुंगी शांत आहे. दार आपटलं, भांडं पडलं, गल्लीत पोरांनी डबे बडवले, तरी हिची झोपमोड होत नाही. बापावर गेलीय, तूही शाळेत जायच्या वेळी असाच मेल्यासारखा झोपायचास. मान अजून धरत नाही. काही मुलं उशिरा धरतात.

तुझी बायको कमी बोलते असं तू म्हणतोस. दमते रे ती. आणि तुझ्याशी काय बोलणार, भिंती ओल्या आहेत हे रोज रोज सांगणार? तू मुंगीशीच बोल. तेच बरं आहे.

आरोग्य खात्याचा एक साहेब आला होता वस्तीत, चौकशीला. चांगले कपडे, चांगली भाषा. म्हणाला, ‘अशा परिस्थितीत उपलब्ध साधनांत सर्वांना समान सेवा दिली गेली.’ मी म्हटलं, ‘साहेब, अगदी खरं. सगळ्यांना सारखाच अंगठा लावला.’ त्याला वाटलं मी त्याची बाजू घेतली, मान डोलावली त्याने. पंक्चरवाला दारात उभा होता, तो निघून गेला. मी त्या साहेबाला विचारलं, ‘पुढच्या पुरात काय करणार?’ तो म्हणाला, ‘अहवाल जाईल.’ जाईल. सगळे जातातच.

मला पत्राचं उत्तर पाठवायची गरज नाही. तू पाठवत नाहीसच, पण तरी.

— आई


१६ जानेवारी

माझ्या राजा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

मुंगीला ऐकू येत नाही.

काल राजधानीतल्या हॉस्पिटलात तिच्या डोक्याला तारा चिकटवून तपासलं. ती झोपली होती. कानात आवाज सोडतात आणि डोक्यात तो पोचतो का ते पडद्यावर बघतात. मी पडद्याकडे बघत होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती तपासणारी बाई आवाज वाढवत गेली, वाढवत गेली आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं. दोन्ही कान. कान चांगले आहेत म्हणाली, आवाज पुढे नेणारी वाट जळलीय. त्या काविळीने. आणि नुसतं तेवढंच नाही. हात तिचे तिच्या ताब्यात नाहीत, धरायला जाते आणि भलतीकडेच वळतात. मान अजून धरत नाही. पुढे चालेल का, हे विचारलं तर त्या बाईने माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला. हात धरला की काय ते समजतं.

डोकं मात्र तिचं शाबूत आहे, असं त्यांना वाटतं. सगळं समजेल तिला. मला हे सगळ्यात वाईट वाटलं. देवाने म्हणा, पुराने म्हणा, अंगठ्याने म्हणा, सगळं नेलं आणि समज तेवढी आत ठेवली.

तू विचारशील, कधीपासून माहीत होतं. ऑगस्टपासून. त्या पोरगेल्या डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं, कान जपा, तपासून घ्या, बहुतेक जातील. तुझ्या बायकोने तेव्हाच ऐकलं आणि पुढे फोन सुरू झाले तेव्हा म्हणाली, ‘यांना सांगू नका. हे फोनवर बोलतात तेवढंच मला ऐकायला बरं वाटतं.’ पण तिला तेही जमलं नाही. दुसऱ्याच फोनला ती उठून बाहेर गेली. तू गात होतास आणि ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी होती. तेव्हापासून दर वेळी तुझ्याशी दोन शब्द बोलते आणि माझ्या हातात फोन देऊन निघून जाते.

फोन मुंगीच्या कानाला मीच धरत होते, रे. शेगडीपाशी नव्हते मी. मुंगीला मांडीवर घ्यायची, फोन तिच्या कानाला लावायचा आणि माझा कान वरून टेकवायचा. ती हसत होती ते खोटं नाही. माझ्या तोंडाकडे बघून हसत होती. तुझा आवाज आला की माझं तोंड जसं व्हायचं, त्याला हसायची.

आता तू म्हणशील, म्हातारीने फसवलं. फसवलं. तू मला फोन करत नव्हतास. बाबा गेल्यापासून तुझा आवाज मी ऐकला नव्हता. आणि मग ह्या पोरीच्या निमित्ताने रोज येऊन पडायला लागला माझ्या मांडीवर. तिला ऐकू येत नाही असं सांगितलं तर तू कुणाशी बोलशील? माझ्याशी? म्हणून गप्प बसले. पोरीचे कान गेले ते गेले, निदान त्यावर माझं पोट भरलं. असली आई आहे मी. लाज वाटते, पण तुझ्यापाशी काय लपवू.

तू तिला जे जे सांगितलंस ते सगळं मी ऐकलं. मासे उडतात ते. स्वयंपाक्याच्या मांजराचं. जहाजावर एकटं वाटलं की तू इंजिनाच्या खोलीत जाऊन बसतोस ते. आणि बाबांचं. तू तिला म्हणालास, ‘आजीला सांगू नकोस हं.’ तू आला होतास. बसने आपल्या स्टँडपर्यंत आला होतास आणि बाकावर बसून राहिलास, आणि पाय उचलेना म्हणून त्याच बसने परत गेलास. बाबांना तसं बघवणार नव्हतं तुला. हे तू चार महिन्यांच्या बहिऱ्या पोरीला सांगितलंस, आणि मला नाही.

त्या फोननंतर मी ठरवलं होतं, आता खरं सांगायचं. तरी आणखी कितीतरी फोन ऐकले. आणखी एकच, आणखी एकच, असं करत.

इथे काय चाललंय ते सांगून टाकते. तुझी बायको मुंगीला दिवसातून कितीदा तरी व्यायाम देते, त्यांनी शिकवलेला. एकेक बोट उघडायचं. बोट परत मिटतं. ती परत उघडते. भांडत नाही, रडत नाही, माझ्यावर रागावतही नाही. मी म्हटलं, रागाव बाई, माझ्यावर तरी रागाव, मीच म्हटलं होतं झोपू दे. ती म्हणाली, ‘तुमच्यावर रागावले तर घरात कोण उरलं?’

चष्मेवाली सिस्टर अजून तिथेच आहे. परवा मला हॉस्पिटलच्या जिन्यात दिसली, आपल्या वस्तीतल्या एका बाळाची पापणी उघडून बघत होती. एकाची बघितली, दुसऱ्याची बघितली. आता बघते. मी तिथे उभी राहून बघत राहिले आणि मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. अजिबात बरं वाटलं नाही.

मुंगीला कानाचं यंत्र बसवतात का म्हणून मी राजधानीत विचारलं. तशा जळालेल्या वाटेला त्याचा फारसा उपयोग होत नाही म्हणाले, आणि दुसरं काही ऑपरेशन असतं त्याची यादी लांब आहे. आधी पुरातले लोक. मी म्हटलं, आम्ही पुरातलेच. तर म्हणाले, तुमच्या कागदावर पूर नाही, कावीळ आहे. पंक्चरवाल्याच्या घरच्या बाळाच्या कागदावर पूर होता, पण गेलेल्या बाळाला काय हवं असणार.

आता तुझं. यापुढे फोन वाजला तर मी उचलणार नाही. तुझ्या बायकोशी बोल, तिला खरं खरं विचार, ती आता सांगेल. पण मुंगीच्या कानाला फोन लावायचं नाटक माझ्याच्याने होणार नाही, आणि तिच्या आडून तुझा आवाज ऐकणंही नाही. मला तो हवा आहे. किती हवा आहे ते लिहीत नाही, कागद पुरणार नाही. तरी नाही उचलणार.

मुंगीला दिसतं. डोळे चांगले आहेत, तेवढं त्यांनी दोनदा तपासून सांगितलं. दारात कुणी आलं की वळून बघते, मान धरत नाही तरी डोळे तिकडे नेते. तुझा आवाज तिला कधीच माहीत नव्हता. तोंडही नाही.

करार संपला की ये. ह्या वेळी स्टँडवर बसू नकोस. मी बाकापाशी येऊन उभी राहीन, आणि काही बोलणार नाही.

— आई